अक्रोडाच्या जागेवरचे टोमॅटो

ऑर्लिना साइझमोरचे टोमॅटो मेले आणि त्यापायी आमच्या खोऱ्यातल्या एका म्हातारीचं नाव चर्चमधून कापलं जायची वेळ आली. हसू नका. टोमॅटो म्हटलं की बाहेरच्या माणसाला हसू येतं. पण पूर्व केंटकीच्या या डोंगरांत ज्याला बाग नाही त्याला आम्ही गरीब म्हणत नाही, बिचारा म्हणतो. आणि ऑर्लिनाला सगळं चाललं असतं, कुणी बिचारी म्हटलेलं चाललं नसतं.

मुळात ती या खोऱ्यातली नव्हेच. पलीकडच्या जिल्ह्यात कोळसा कंपनीच्या वसाहतीत वाढलेली. तिथं दोन घरांच्या मधे वीतभर जागा, तीही धुळीनं काळी. एकोणिसाव्या वर्षी हॉबर्टशी लग्न करून आली, ओढ्याकाठची ती सपाट मऊ जमीन बघितली आणि म्हणे सासूसमोरच रडायला लागली. सासूला वाटलं पोरीला घर आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी पहाटेच कुदळ घेऊन जमिनीत! तेव्हापासून बाग कधी चुकली नाही. दोन्ही मुलगे ओहायोला कारखान्यात निघून गेले, हॉबर्टच्या छातीत खाणीची धूळ कायमची मुक्कामाला आली, नाकाला नळी लागली, तरी बाग चुकली नाही. तिचे टोमॅटो गुलाबी, एकेक दोन्ही हातांत धरावा असा. कुणाकडं मयत झालं, बाळंतपण झालं, की तिच्या बरण्या तिथं पोचायच्या. बरणीबरोबर चार टोमणेही पोचायचे, कारण तोंडाचा पट्टा सासरी येतानाच बरोबर आणलेला. बरण्या ठेवून घ्याव्यात आणि टोमणे सोडून द्यावेत, असं आमच्याकडं ठरून गेलं होतं.

मग गेल्या वर्षी जुलैत पूर आला. ओढ्यानं बागेची सगळी माती नेली आणि बदल्यात गोटे, डिझेलचा वास आणि कुणाचा तरी फ्रीज ठेवून गेला. घरापुढचा पूलही नेला.

पूल नाही तर हॉबर्टच्या ऑक्सिजनच्या टाक्या दारापर्यंत येणार कशा? घरामागं, डोंगराच्या सपाट पायरीवर, चार मोठे काळे अक्रोड उभे होते. हॉबर्टच्या वडिलांनी लावलेले. त्या लाकडाला मागणी फार. हॉबर्टनं हिवाळ्यात ते लाकूडवाल्याला दिले आणि पूल बांधून घेतला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, एक आयसी सोडून.

आयसी म्हणजे हॉबर्टची थोरली बहीण, ऑर्लिनाची नणंद. ऐंशीला टेकलेली, लग्न न केलेली, कुंपणापलीकडच्या लहान घरात एकटी राहणारी. बापाचं शेवटपर्यंत तिनंच केलं. झाडं पडली त्या दिवशी तिनं खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. नणंद-भावजयीचं आधी वाकडं होतं असं मात्र समजू नका. ऑर्लिनानं कडाक्याच्या थंडीत ओढ्यात बाप्तिस्मा घेतला, कुडकुडत बाहेर आली, तेव्हा काठावर घोंगडी घेऊन आयसीच उभी होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, प्रभुभोजनाच्या रविवारी, आयसीचे पाय ऑर्लिना धुते आणि ऑर्लिनाचे आयसी. आमच्या चर्चमध्ये बायका बायकांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे. ज्याच्या पायाला हात लावायचा त्याच्याबद्दल मनात अढी ठेवून चालत नाही.

वसंतात ऑर्लिनानं त्या रिकाम्या पायरीवर नांगर फिरवून घेतला. चार बुंधे तेवढे जमिनीत राहिले. आयसी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"ऊन बघ किती आलंय, आयसी," ऑर्लिना म्हणाली. "इतकी वर्षं झाडांनी अडवलं होतं. टोमॅटो लावणार आहे इथं."

"बाबांच्या झाडांच्या जागी?"

"मग काय, त्यांचा पुतळा उभारू?"

हे बोलायला नको होतं. आयसीचा चेहरा पांढराफटक पडला.

"लाव, लाव," ती म्हणाली. "एक जरी झाड धरलं ना तिथं, तर साइझमोरांचं नाव लावणार नाही मी." आणि फणकाऱ्यानं घरात गेली.

ऑर्लिनानं रोपं लावली. पंचांग बघून, चंद्र कर्केत असताना लावली. कर्केच्या चंद्रावर लावलेलं रोप मरत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. रोपं तरारली, गुडघ्याच्या वर आली, पिवळी फुलं धरली. आणि जूनच्या एका दुपारी एका झाडानं मान टाकली. पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्यानं टाकली. खोड चिरून बघितलं, कीड नाही. पानांवर डाग नाही, मुळाशी उंदीर नाही. रोज सकाळी हातात कॉफीचा कप घेऊन ती वर जायची आणि रोज नवं एक झाड हिरवंगार असतानाच लुळं पडलेलं असायचं. ढोबळी मिरचीही सुकायला लागली. पूर येऊन गेला तेव्हा जी बाई रडली नव्हती, ती आता रोज सकाळी वाफ्यात उभी राहून रडत होती. पुन्हा कंपनीच्या वसाहतीतली वीतभर जागा नशिबी आली, असं तिला वाटायचं.

अशात एक दिवस ड्रूसिला आली. ही आमच्या खोऱ्याची बातमीदार.

"मी काही म्हणत नाही हं, ऑर्लिना," ती म्हणाली. "पण मागं मी आयसीला बघितलं होतं. पाठीवर पंप घेऊन कुंपणाकडेनं तणाचं औषध मारत होती. मी आपली बघितलं तेवढं सांगते."

'मी काही म्हणत नाही' म्हणणाऱ्यांनी या जगाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं पुरानंही केलं नसेल! ऑर्लिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयसीचं ते वाक्य तिला अक्षरन् अक्षर आठवलं.

"आयसी असं करायची नाही," हॉबर्ट नळी सावरत म्हणाला. "ती तोंडावर शिव्या घालेल. पण झाडाला मारायची नाही. झाडांवर जीव आहे तिचा."

"म्हणूनच तर! तिची झाडं तू पाडलीस, माझी तिनं मारली. फिट्टंफाट."

"जाऊन विचार तरी."

विचारायलाच हवं होतं. शास्त्रच आहे तसं. चर्चमधल्या भावाबहिणीविरुद्ध मनात काही असेल तर आधी एकट्यानं त्याच्याकडं जायचं. त्यानं ऐकलं नाही तर दोघांना घेऊन जायचं. आणि तरीही नाही ऐकलं, तर मग मंडळीपुढं, म्हणजे अख्ख्या चर्चपुढं. ऑर्लिना गेली. आयसीच्या फाटकापर्यंत गेली, कडीला हात घातला, आणि ओसरीवर खुंटीला तो फवारणीचा पंप लटकलेला दिसला. डोकं असं सणकलं की कडी न उघडताच ती माघारी फिरली.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मंडळीची बैठक असते. बंधू बॅलार्ड, आमच्या चर्चचे पुढारी, पुढं उभे राहून विचारतात, सगळे प्रेमात आणि एकोप्यात आहेत ना? कुणी काही बोलत नाही, आणि मग गाणं सुरू होतं. त्या शनिवारी ऑर्लिना उठून उभी राहिली.

"माझ्या मनात भगिनी आयसीविरुद्ध अढी आहे," ती म्हणाली. "तिनं माझ्या बागेत विष मारलं."

कुणाच्या हातातला पंखाही हलेना.

"भगिनी ऑर्लिना," बंधू बॅलार्ड सावकाश म्हणाले, "तू आधी एकटी तिच्याकडं गेली होतीस?"

"गेले होते."

दोन बाकं पुढं बसलेल्या आयसीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा तोंड पुढं केलं.

"भगिनी आयसी, तुझं काय म्हणणं आहे?"

"काही नाही."

"मारलंस की नाही, एवढं तरी सांग."

"काही म्हणणं नाही म्हटलं ना. तुझं नाक पुसलंय मी, बॅलार्ड, मला दरडावू नकोस."

एरवी अख्खं चर्च हसलं असतं. बंधू बॅलार्डनी खाली बघितलं. मग म्हणाले, की दुपारी दोन बंधू बाग बघायला येतील. उद्या सकाळपर्यंत हे मिटलं नाही तर दोघींनीही प्रभुभोजनाच्या टेबलाशी यायचं नाही. आणि आयसी अशीच गप्प राहिली, तर तिचं नाव ठेवायचं की काढायचं हे मंडळीला ठरवावं लागेल. आयसीचं नाव त्या चर्चमध्ये तरुणपणापासून होतं. नाव काढलं म्हणजे उद्या तिच्या शवपेटीशी उभं राहून 'ही आमची होती' असं म्हणायला कुणी नाही. ना नवरा, ना मूल. होतं काय ते तेवढंच होतं.

ऑर्लिना घरी आली ती तडक कुदळ घेऊन बागेत गेली. बंधू येतील तेव्हा जळकी मुळं त्यांच्यापुढं धरायची, बघा म्हणायचं. वाळलेल्या एका झाडाखाली तिनं कुदळ घातली. माती उसवली आणि खालून काळा, चिकट राडा वर आला. हातानं उकरलं. अक्रोडाच्या साली. गेल्या शरदात चारही झाडांखाली हॉबर्ट नि ती बसून फळं सोलत होती, आणि साली तिथंच टाकत होती. नांगरानं त्या खाली गाडल्या होत्या. आणखी उकरलं तर अंगठ्याएवढी मुळी लागली. झाड तोडून सहा महिने होऊन गेले तरी मुळी आत ओली होती. टोमॅटोची पांढरी मुळं जिथं जिथं तिला टेकली होती, तिथं तपकिरी पडून सडली होती.

तिनं दुसरं झाड उपटलं, तिसरं उपटलं. सगळीकडं तेच. दमून ती एका बुंध्यावर बसली आणि समोर बघितलं. इतके दिवस ओळीत उभी राहून ती ओळीच बघत होती. बुंध्यावरून बघितल्यावर कळलं, मेलेली झाडं ओळीनं मेलीच नव्हती. बुंध्याभोवती गोल करून मेली होती. जी दोन-तीन जगली होती, ती पार टोकाला होती, चारही बुंध्यांपासून लांब. आणि कुंपणाकडेला, आयसीच्या अगदी नाकासमोर, घेवडा मक्यावर चढून नुसता माजला होता. तणाचं औषध त्या बाजूनं उडालं असतं तर आधी घेवडा जळला असता. घेवड्याइतकं नाजूक काय असतं?

अक्रोडाखाली काही येत नाही हे तिला माहीत होतं. पण ते सावलीमुळं, असं ती धरून चालली होती. झाड गेलं, सावली गेली, संपलं. झाड जातं पण त्याचं खाली राहतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं, एकीनं. 'एक जरी झाड धरलं ना तिथं.'

खाली नव्या पुलाच्या फळ्या वाजल्या. बंधूंची गाडी आली.

आणि तिनं काय केलं? खड्डा बुजवला. पायानं माती लोटली, वर वाळलेलं झाड आडवं टाकलं, हात ॲप्रनखाली घेतले आणि उभी राहिली. तिला कुणी विचारलं असतं तर का केलं ते सांगता आलं नसतं. सकाळी देवाच्या घरात उभी राहून 'गेले होते' म्हणाली होती ना! एक खोटं सांभाळायला दुसरं उभं राहिलं, एवढंच.

बंधू बॅलार्डनी एक झाड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "हिरवं असतानाच गेलंय," ते म्हणाले. "वाईट झालं, भगिनी. तुला आणखी काही सांगायचंय?"

"नाही," ऑर्लिना म्हणाली.

ते गेले. तिनं घरात जाऊन हात धुतले. साबणानं घासले, लिंबानं घासले, मग कपड्याचं ब्लीच ओतून घासले. अक्रोडाचा डाग ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. धुवाल तसा चढतो. बोटं, नखं, तळवे, सगळं तपकिरी होत होत काळपट झालं. दारात हॉबर्ट उभा होता. चाकाची टाकी ओढत आला होता.

"कुठं खणलंस?" त्यानं विचारलं.

ती नखं घासत राहिली. तो खुर्चीत टेकला, दम खाल्ला.

"लहानपणी आम्हा दोघांचे हात शरदभर असेच असायचे. शाळेत मास्तर छड्या मारायचे, आंघोळ करत नाही म्हणून." पुन्हा दम. "बाबा म्हणायचे, या मुळांपाशी टोमॅटो लावू नका. मी विसरलो. मी कधी बागेत होतो? मी खाणीत होतो. आयसी विसरली नसणार."

"मग तिनं नीट का नाही सांगितलं?" ऑर्लिना ओरडली. "आज विचारलं तेव्हा तरी तोंड उघडायचं! का गप्प बसली?"

"ते तिला विचार. शनिवारच्या आत जायचं होतं ना तुला तिच्याकडं? मला म्हणालीस, जाऊन आले." त्यानं तिच्या हातांकडं बघितलं. "उद्या काय करायचं ते तुझं तू बघ. पण माझ्या बहिणीचं नाव कापलं, तर मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही. जिवंतपणी नाही आणि मेल्यावर खांद्यावरूनही नाही."

एवढं लांब तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. 

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलं. टेबलावर पांढरं कापड, त्याखाली भाकर आणि द्राक्षरस, बाजूला घमेली आणि टॉवेल. आयसी कडेच्या बाकावर बसली होती, दाराजवळ, पाहुण्यांच्या जागी. म्हणजे तिनं स्वतःलाच बाहेर काढून ठेवलं होतं. ऑर्लिना आत आली ती दोन्ही हात पर्सखाली दाबून. तिला वाटलं होतं, अशीच बसून राहीन, काही झालं तरी हात दाखवायचे नाहीत. पण घाबरलेल्या माणसाला साध्या गोष्टी आठवत नाहीत. बंधू बॅलार्डनी गाण्याची पहिली ओळ म्हटली, मंडळीनं ती उचलली, आणि रिवाजाप्रमाणं सगळे उठून एकमेकांशी हात मिळवत फिरायला लागले.

पहिला हात पुढं आला तो ड्रूसिलाचा. ऑर्लिनानं पर्स घट्ट धरली. ड्रूसिलाचा हात तसाच. मागं लोक खोळंबले. शेवटी ऑर्लिनानं हात पुढं केला.

ड्रूसिलानं तो धरला, बघितला, आणि गाणं तिच्या तोंडातच राहिलं. जुलै महिना. अक्रोड पडायला अजून किती अवकाश. हा डाग कुठून आला हे त्या खोलीतल्या प्रत्येक म्हातारीला कळत होतं. मागची बघायला लागली, तिच्या मागची बघायला लागली, आणि गाणं बाकाबाकानं बंद पडत गेलं. शेवटी एकटे बंधू बॅलार्डच गात होते, तेही थांबले.

"मी खोटं बोलले," ऑर्लिना म्हणाली. दोन्ही हात तिनं पुढं धरले होते. "आयसीनं विष मारलं नाही. अक्रोडाच्या मुळांनी मारलं. मला काल दुपारीच कळलं होतं, तुम्ही यायच्या आधी, आणि मी माती लोटली त्याच्यावर. आणि मी तिच्याकडं गेलेही नव्हते. फाटकाशी गेले आणि पळून आले. कापायचं तर माझं नाव कापा."

कुणी काही बोलायच्या आत दाराजवळून आवाज आला. "खाली बस, ऑर्लिना."

आयसी बाकाला धरून उठली होती.

"मला म्हणणं आहे आता, बॅलार्ड. ती सांगते ते खरं आहे, पण पुरं नाही. विष मी मारलं नाही, औषध मारलं ते माझ्या कडेच्या तणावर. पण बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, तिथं टोमॅटो जगत नाहीत म्हणून. ती रोपं लावत होती तेव्हा मी ओसरीवर बटाटे सोलत बसले होते. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. नाही मारली. मग रोज एक झाड पडायला लागलं. ती तिथं उभी राहून रडायची, आणि मी पडद्यामागून बघायची." ती थांबली. "मला बरं वाटायचं. गोड वाटायचं. तिनं काल आरोप केला तेव्हा नाही कशाच्या तोंडानं म्हणू?"

बंधू बॅलार्डनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पोथीत कुठंही न लिहिलेलं असं हे प्रकरण होतं. त्यांनी मंडळीला विचारलं, कुणाचं काही आहे का? ड्रूसिला रडत होती. कुणाचंही काही नव्हतं. मग त्यांनी टेबलावरचं कापड दुमडलं आणि भाकर मोडली.

पाय धुवायची वेळ आली तेव्हा आयसीनं टॉवेल कमरेला बांधला, घमेलं घेतलं आणि एकेक बाक धरत ऑर्लिनापर्यंत आली. गुडघे टेकायला तिला दोघींना हात द्यावा लागला. ऑर्लिनानं मोजे काढले. आयसीनं तिचा पाय पाण्यात घेतला आणि ओंजळीनं वरून पाणी सोडायला लागली. आजूबाजूला गाणं पुन्हा सुरू झालं होतं, त्या दोघींचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"तू फाटकाशी आलीस त्या दिवशी बघितलं मी तुला," आयसी म्हणाली. "कॉफी चढवली होती मी. दोन कप काढले होते."

ऑर्लिनाला हुंदका आला. "मी आत आले असते, तर सांगितलं असतंस?"

आयसीनं पाय टॉवेलात घेतला, बोटांच्या बेचक्यांतून नीट कोरडा केला आणि खाली ठेवला.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "दुसरा पाय दे."